नऊवारीतला बहर

रेडिओवरचा माणूस हसत हसत सांगत होता, याचाच जगन्नाथला जास्त राग आला. उद्या, शनिवारी दुपारी उत्तरेकडून थंडी उतरणार, संध्याकाळी बर्फाचा पाऊस पडणार, मार्च महिन्यात टेक्सासात बर्फ, आणि शाळेला नेमकी सुट्टी, काय हे मुलांचं नशीब, असं म्हणून तो खो खो हसला आणि त्याने गाणं लावलं. जगन्नाथ पंपाच्या खोलीत पालथा पडून पाइपाचा सांधा आवळत होता. पाना तसाच सोडून तो उठला, गुडघ्याने कुरकुर केली, आणि तो दारात येऊन उभा राहिला.

बाहेर ऊन इतकं होतं की शर्ट पाठीला चिकटला होता. समोर टेकडीच्या उतारावर त्याची पीचची झाडं होती आणि एकूण एक झाड गुलाबी झालं होतं. अजून पान नाही, नुसतं फूल. मधमाश्या एकसारख्या गुणगुणत होत्या. लावल्यापासून चौथ्या वर्षी बाग पहिल्यांदा अशी बहरली होती.

"मेल्या," जगन्नाथ रेडिओला म्हणाला, "तुझ्या दारात फुललं असतं म्हणजे कळलं असतं."

हा जगन्नाथ मूळचा निफाडचा. वडिलांची द्राक्षं होती. पण पोरगा हुशार निघाला, पुण्याला शिकला, ह्यूस्टनला येऊन तेलाच्या कंपनीत इंजिनियर झाला आणि शुगर लँडला घर करून राहिला. मग तेलाचे भाव कोसळले आणि कंपनीने एका सकाळी त्याच्यासकट अख्खा मजला घरी पाठवला. बाकीच्यांनी दुसरीकडे अर्ज केले. जगन्नाथने चार तासांच्या अंतरावर, फ्रेडरिक्सबर्गच्या अलीकडे, टेकडीवरची खडकाळ जमीन घेतली, तिच्यावरच्या दोन खोल्यांच्या लाकडी घरात तो राहायला गेला आणि त्याने पीच लावले. महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला त्याचा जुना दोस्त श्रीरंग सगळ्यांदेखत म्हणाला होता, "यार, एवढं एमएस करून पुन्हा निफाडच करायचं होतं, तर विमानाचं तिकीट कशाला काढलंस?" सगळे हसले होते. जगन्नाथही हसला होता. पण त्या दिवसापासून तो मंडळात गेला नव्हता.

वसुधा, त्याची बायको, शुगर लँडलाच राहिली. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिची नोकरी होती, आणि कुणीतरी नोकरीत राहणं भाग होतं. जमीन घेतली त्या दिवशी तिने भांडण केलं नाही, आदळआपट केली नाही. पोळी लाटता लाटता एवढंच म्हणाली, "चौथ्या वर्षी फळ धरतं म्हणताय ना? पहिलं फळ माझ्या हातावर ठेवा, मी नोकरी सोडून तिकडे येते. नाही धरलं, तर तुम्ही बाग विकून इकडे यायचं. मान्य?" जगन्नाथने मान्य केलं. तेव्हापासून वसुधा त्याची शनिवार-रविवारची बायको झाली होती. शुक्रवारी संध्याकाळी यायची, चार दिवसांचं करून फ्रिजमध्ये ठेवायची आणि रविवारी जेवून परत. तिची गाडी कोपऱ्यावर वळली की घर इतकं गप्प व्हायचं की जगन्नाथ उगाचच नळ सुरू करून ठेवायचा. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं.

आणि आता बहर आला होता, मे महिन्यात फळ हातावर पडणार होतं, आणि मध्येच हे बर्फ.

त्याने घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. मग त्याने दीपाला लावला. दीपा त्यांची एकुलती एक, ऑस्टिनला कॉलेजात होती.

"दीपा, आई फोन उचलत नाहीये. तिला सांग, येताना जुन्या चादरी, ब्लँकेट्स, जे सापडेल ते सगळं घेऊन ये. फ्रीझ येतोय."

"आय नो, टीव्हीवर पाहिलं," दीपा म्हणाली. "बट डॅड, आईची कार ऑलरेडी फुल आहे."

"फुल? कशाने?"

"आस्क हर," दीपा म्हणाली आणि हसली.

जगन्नाथने जास्त चौकशी केली नाही. त्याचं लक्ष खिडकीबाहेर होतं. फोन ठेवून तो पुन्हा पाइपाकडे गेला.

वसुधा आली ती दिवेलागणीला. गाडीचं बूड जमिनीला टेकायला आलं होतं. मागच्या काचेतून काही दिसत नव्हतं, नुसती गाठोडी.

"एवढं काय आणलंस?"

"तुम्हीच निरोप धाडलात ना, सापडेल ते आण म्हणून? सापडलं ते आणलं," वसुधा म्हणाली. तिने कंबर धरून आळोखेपिळोखे दिले आणि बागेकडे पाहिलं. उरल्यासुरल्या उजेडात झाडं नुसती फिकट दिसत होती. मग ती म्हणाली, "अहो, किती सुंदर दिसतंय हो."

जगन्नाथने आभाळाकडे पाहिलं. "उद्यापर्यंत," तो म्हणाला.

सकाळी उजाडताच दोघं कामाला लागले. जगन्नाथ गाडीतली गाठोडी काढून ओसरीवर मांडत होता. चादरी निघाल्या, दुलया निघाल्या, दीपाच्या लहानपणीची हत्तींची गोधडी निघाली. मग साड्या निघाल्या. कॉटनच्या, सिल्कच्या, मंडळाच्या कार्यक्रमाच्या, रोजच्या, थरावर थर साड्याच. एका गाठोड्यात हात घातला तर हाताला कुकर लागला.

"वसु, कुकर कशाला आणलास?"

"झाडं झाकायला."

"चेष्टा नको. आणि हे पोळपाट-लाटणं?"

"तुम्ही बिअरच्या बाटलीने पोळ्या लाटता. चार वर्षं बघतेय. डोळ्यांना बघवत नाही म्हणून आणलं."

त्याच्या खाली टॉवेलात गुंडाळलेला गणपती आणि बाळकृष्ण होते. जगन्नाथने त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"देवांना एकटं ठेवतात का बर्फाच्या दिवसांत?" वसुधा म्हणाली. "तिकडे हीटर बंद करून आलेय. आता तपासणी पुरे. शिडी कुठेय?"

जगन्नाथ इंजिनियर माणूस. तेलाच्या विहिरी खणताना त्याने डोकं चालवलं असेल, पण बायकोच्या बाबतीत त्याचं डोकं पहिल्यापासून जरा सावकाश चालायचं. त्याने शिडी आणली.

सगळी बाग झाकणं शक्य नव्हतं, हे दोघांनाही दिसत होतं. थंडी उताराने खाली जाऊन सखल जागी साचते. खालच्या ओळी वाचायच्या नाहीत, झाकल्या तरी नाहीत. घराजवळच्या वरच्या ओळी धरायच्या आणि खालच्या सोडायच्या, असं जगन्नाथने ठरवलं. ठरवलं खरं, पण पाय आपोआप खालीच गेले. त्याने खालच्या ओळीतल्या पहिल्या झाडाच्या खोडावर हात ठेवला. हे त्याने सगळ्यांच्या आधी लावलं होतं. पहार खडकावर लागून हात सोलवटला होता, तो त्याच दिवशी.

"अहो, या," वरून वसुधाने हाक मारली. "मला एकटीला पोचत नाहीये."

पीचचं झाड मधून मोकळं ठेवतात, फांद्या चारी बाजूंनी वर उघडलेल्या. त्यावर चादर टाकली की मध्ये झोळ पडायचा आणि फुलं चेंगरायची. दोन-तीन झाडांवर असं झाल्यावर जगन्नाथने डोकं खाजवलं, ओसरीवर जाऊन एक साडी उचलली आणि बोटांत चोळून पाहिली. वसुधाच्या कॉटनच्या साड्या खळीच्या. भाताची पेज काढून, साडी त्यात बुडवून, ताणून वाळवलेल्या. लॅबमध्ये पांढऱ्या कोटाखालीसुद्धा ती तशीच कडक साडी नेसायची.

"ह्या बघ कशा ताठ राहतात," तो म्हणाला. "तंबूसारख्या. फुलाला टेकणारच नाहीत. बेस्ट आयडिया."

"माझ्या चांगल्या साड्या आहेत त्या."

"वसु, चांगल्या झाडांवरच घालतो."

ती हसली आणि तिने साडीची घडी उलगडली. मग दोघांचा हात बसला. जगन्नाथ शिडीवरून पदर पलीकडे फेकायचा, वसुधा खालून ओढून घ्यायची, झाडाभोवती फेरा मारायची आणि निऱ्या घालून घट्ट खोचायची. पिना लागतील तशा ती बांगडीतून काढत होती. बांगडीतल्या संपल्यावर मंगळसूत्रातल्या निघाल्या. त्याही संपल्यावर जगन्नाथने पीच बांधायची सुतळी दिली. उकाड्याने दोघं घामाघूम झाले होते, आणि अशा हवेत झाडांना पांघरूण घालताना आपल्याला कुणी पाहिलं तर काय म्हणेल, असं जगन्नाथच्या मनात येऊन गेलं.

शेवटी एका पिशवीतून जुन्या नऊवारी निघाल्या. जगन्नाथ शिडीवरच थांबला. ती त्याच्या आईची लुगडी होती. आई गेल्यावर वसुधाने निफाडहून आणली आणि कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली होती. त्यांना खळ नव्हती. धुऊन धुऊन ती इतकी मऊ झाली होती की हातात राहत नव्हती.

"हे नको," तो म्हणाला. "हिरवं इरकल आईने पाडव्याला नेसलेलं. मला आठवतंय."

"मलाही आठवतंय. म्हणून तर," वसुधा म्हणाली. "सासूबाई असत्या तर त्यांनी अंगावरचं काढून घातलं असतं. पहिलटकरणी आहेत सगळ्या. गारठ्यात उघड्या ठेवतात का?"

नऊवार कापड एका झाडाला पुरून उरलं. वसुधाने उरलेला पदर शेजारच्या झाडावर ओढला. दोन झाडं एका लुगड्यात उभी राहिली. जगन्नाथ खाली उतरला आणि दूर जाऊन पाहू लागला. घराजवळच्या ओळी लाल, जांभळ्या, हिरव्या, काठापदराच्या झाल्या होत्या. त्याला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. टोपी सारखी करायच्या निमित्ताने त्याने ते पुसलं.

जेवणं उरकतात न उरकतात तोच वारा पडला. मधमाश्यांचा आवाज थांबला. उत्तरेला टेकड्यांच्या वर एक काळसर निळी रेघ दिसली आणि बघता बघता ती आभाळभर झाली. मग एकदम वारा सुटला, दार धाडकन आपटलं, आणि घामाने भिजलेला शर्ट अंगावरच बर्फासारखा गार झाला. वसुधाने स्वेटर शोधला, जगन्नाथला त्याचा कोट दिला, कानाला रुमाल बांधला. अर्ध्या तासापूर्वी ज्या हवेत पंखा हवासा वाटत होता, तिच्यात आता बोटं वळेनात. दोघं पुन्हा बागेत धावले आणि सुटलेल्या पिना, उडालेले पदर धरून धरून बांधत राहिले.

"आता शेकोट्या," जगन्नाथ म्हणाला.

द्राक्षांवर थंडी आली की निफाडला बांधाबांधावर ओला पालापाचोळा पेटवतात. जाळ नको, धूर हवा. धूर बागेवर पसरून राहतो आणि थंडी खाली उतरू देत नाही. लहानपणी तो धूर डोळ्यांत जाऊन तो रडायचा आणि वडील म्हणायचे, रड, पण फुंकर थांबवू नकोस. त्याने आधीच्या मालकाच्या पडक्या गोठ्यातलं कुजकं गवत आणि छाटलेल्या सीडरच्या फांद्या आणल्या, पाणी मारलं, आणि ओळींच्या कडेने ढीग करून पेटवले. धूर मात्र जोरात झाला. वाऱ्याने तो बागेवर थांबेना, सगळा रस्त्याकडे चालला. जगन्नाथ या ढिगाकडून त्या ढिगाकडे खोकत पळत होता.

तेवढ्यात कुंपणाकडून गाडीचा भोंगा वाजला. शेजारच्या बागेची ग्लॅडिस आली होती. सत्तरीची बाई, नवरा गेल्यापासून एकटी पीच करायची. पायात बूट, हातात फावडं आणि चेहऱ्यावर भीती.

"कुठे लागलीय आग? मी फायर स्टेशनला फोन केलाय!" ती तिच्या इंग्रजीत ओरडली.

"आग नाही, मॅडम," जगन्नाथ म्हणाला. "मुद्दाम लावलीय. बागेला ऊब देतोय."

ग्लॅडिसने त्याच्याकडे पाहिलं, धुराकडे पाहिलं, मग झाडांकडे पाहिलं. काठापदराची झाडं वाऱ्याने फडफडत होती.

"तुमचा काही सण आहे का आज?" तिने हळूच विचारलं.

जगन्नाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंडळातलं हसू आठवलं. आता उद्या खत-बियाण्यांच्या दुकानात सगळ्या गावाला कळणार की त्या इंडियनने झाडांना कपडे घातले आणि स्वतःच आग लावली. पण वसुधा पुढे झाली आणि ग्लॅडिसच्या हाताला धरून तिला घरात घेऊन गेली, आधी फायर स्टेशनला परत फोन करायला लावला आणि मग चहा दिला. आलं घातलेला चहा ग्लॅडिसने दोन कप प्यायला. जाताना ती जगन्नाथपाशी थांबली.

"मी चाळीस वर्षं हे करतेय. अशा वेळी मी पडदे ओढून घेते आणि बाहेर बघतच नाही," ती म्हणाली. "तुम्ही निदान बघताय."

ती गेली आणि बर्फाचा पाऊस सुरू झाला. आधी पत्र्यावर टकटक वाजलं, कुणी मूठभर साबुदाणा टाकल्यासारखं. मग ते वाढलं. गवतावर, पायरीवर, साड्यांवर पांढरे दाणे साचायला लागले. शेकोट्या फुसफुसून विझल्या. जगन्नाथ पुन्हा पेटवायला निघाला, तर वसुधाने त्याच्या कोटाची बाही धरली.

"अहो, बास. ओलं गवत आहे, ते आता पेटायचं नाही. जे करायचं ते केलंत."

"अजून थोडं..."

"बोटं बघा तुमची. निळी पडलीत." तिने त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि चोळत राहिली. "आत चला. खिचडी टाकते."

नव्याने आणलेल्या कुकरची शिट्टी झाली. त्या घरात कुकरची ती पहिलीच शिट्टी होती. जगन्नाथने खिचडी खाल्ली, पण कान बाहेर होते.

सकाळी जाग आली तर खिडकी पांढरी. पाऊस थांबला होता, आभाळ स्वच्छ निळं झालं होतं आणि गारठा असा की श्वास आत घेतला तर दुखत होता. दारावरच्या थर्मामीटरमधला पारा पार तळाशी गेला होता. कुंपणाची तार, गवताची काडी, पंपाची चावी, सगळं बर्फाने मढलं होतं. जगन्नाथ खाली, न झाकलेल्या ओळींपर्यंत चालत गेला. पायाखाली गवत कुरकुर मोडत होतं. प्रत्येक फूल काचेत घातल्यासारखं दिसत होतं, गुलाबीच्या गुलाबी. ते इतकं सुंदर होतं की त्याला त्याचा राग आला.

त्याने एक फूल खुडलं, हातात धरून वितळवलं आणि नखाने मधोमध चिरलं. आत फळाचा जो मोहरीएवढा दाणा असतो तो हिरवा असायला हवा. तो काळा होता. दुसरं चिरलं, काळं. तो पुढच्या झाडाकडे गेला. काळं. सगळ्यात आधी लावलेल्या झाडाचं फूल त्याने चिरलंच नाही.

वर साड्या लाकडासारख्या कडक झाल्या होत्या. "वितळू द्या," वसुधा म्हणाली. "ओढाल तर फांद्या मोडतील." म्हणून दोघं ओसरीवर बसून राहिले. ऊन चढलं, थेंब टपटपायला लागले. जगन्नाथ उठायचा, हात लावून बघायचा, परत येऊन बसायचा. शेवटी त्याने शिडी लावली आणि वसुधाची निळी खळीची साडी अलगद उचलली.

साडी निघेना. खळ भिजून पुन्हा पेज झाली होती. रात्रीच्या बर्फाच्या ओझ्याने साडी फुलांवर बसली आणि आता ऊन लागल्यावर चिकटली. त्याने हळूहळू सोलून काढली, तर झाडाच्या सगळ्या पाकळ्या साडीबरोबर निघून आल्या. वर नुसत्या काळ्या काड्या उरल्या आणि खाली निळ्या साडीवर गुलाबी पाकळ्याच पाकळ्या. दुसऱ्या झाडाचं तेच. तिसऱ्याचं तेच. जगन्नाथ शिडीवरून खाली उतरला आणि ओल्या मातीत मटकन बसला.

"मीच म्हणालो. खळीच्या घाल म्हणून मीच म्हणालो," तो म्हणाला. "बेस्ट आयडिया. तेलाच्या कंपनीने उगाच नाही काढलं मला."

वसुधा इरकलाच्या झाडापाशी गेली. तिने आईच्या इरकलाची पिन काढली. मऊ लुगडं सहज सुटून आलं. आत दोन्ही झाडांवर पुष्कळशी फुलं जागच्या जागी होती, थोडी दमलेली. तिने त्यातलं एक खुडलं आणि जगन्नाथपुढे धरलं.

"चिरा."

"नको."

"अहो, चिरा ना."

"माझी छाती होत नाही, वसु."

मग तिने ते स्वतः चिरलं. नोकरीत काचेवर रक्ताचा थेंब पसरायचा सराव असलेला तिचा हात. तिने पाहिलं आणि ती पुढच्या, पाकळ्या गेलेल्या झाडाकडे गेली. तिथला एक उघडा देठ तोडून चिरला. मग आणखी एक. मग ती परत आली आणि त्याच्याजवळ मातीतच बसली.

"दोन काळी, एक हिरवं," ती म्हणाली. "पाकळ्या गेल्यात हो, दाणा आहे. तुम्हीच म्हणता ना, पाकळ्या गळतातच?"

जगन्नाथने तिच्या तळहातावर पाहिलं. हिरवा दाणा होता. त्याला बरं वाटलं, आणि मग बरं वाटेनासं झालं. वरच्या ओळींतही काळेच जास्त. खालची सगळी बाग गेली. पेट्या भरतील असं काही नाही, शेजाऱ्यांना वाटायला थोडी फळं होतील. याला फळ धरलं असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? शब्द दिला तेव्हा बोललो होतो बागेचं, चार-दोन झाडांचं नव्हे.

दिवसभर त्यांनी साड्या उतरवल्या, झटकल्या, घड्या घातल्या. दुपार कलली तेव्हा जगन्नाथ आत गेला, पलंगाखालची बॅग काढली आणि तिच्यात आपले चार शर्ट, चष्मा, वडिलांचा फोटो भरला. पंपाचं बटण बंद केलं. नळ घट्ट पिळला. रविवार होता, वसुधाची जायची वेळ झाली होती. आता तिच्याबरोबर आपणही जायचं, म्हणजे निदान मागे राहून नळाचा आवाज ऐकावा लागणार नाही. एवढं एक बरं, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि साड्यांचा ढीग आणि बॅग घेऊन तो गाडीपाशी आला.

गाडी रिकामी होती. मागची सीट, डिकी, सगळं मोकळं. कालची गाठोडी ओसरीवरही नव्हती. त्याने बॅग आणि साड्या आत ठेवल्या आणि वसुधाला हाक मारली. उत्तर नाही. तो स्वयंपाकघरात गेला.

शेगडीच्या वर, जिथे तो खिळ्यांचे डबे ठेवायचा, त्या फळीवर गणपती आणि बाळकृष्ण बसले होते. पुढे वाटीत साखर. खिळ्यांचे डबे दाराबाहेर गेले होते. भिंतीला पोळपाट टेकवलेलं. खिडकीत मसाल्याचा डबा, हळदीची बरणी, चहाची गाळणी. वसुधा स्टुलावर चढून वरच्या कपाटात ताटं लावत होती.

"वसु, चल. अंधारायच्या आत निघू," जगन्नाथ म्हणाला. "माझी बॅग गाडीत ठेवलीय. शब्द दिला होता. फळ नाही धरलं."

वसुधा वळली. मग स्टुलावरून उतरली.

"मी कुठे जायचं?" ती म्हणाली.

"उद्या तुझी ड्यूटी..."

"शुक्रवारी शेवटची झाली. सगळ्यांनी मिळून केक कापला. त्या फिलिपिनो सिस्टर रडल्या." ती बोलता बोलता हात पुसत होती. "दोन आठवड्यांपूर्वी नोटीस दिली. तुम्ही फोनवर म्हणालात ना, कळ्या गुलाबी दिसायला लागल्यात, त्याच्या दुसऱ्या दिवशी. घरही विकायला काढलंय. बहर बघायला येईन आणि परत जाणारच नाही, असं करायचं होतं. गाडी भरूनच ठेवली होती. तर हे बर्फ मध्ये आलं."

जगन्नाथ दारातच उभा राहिला. कुकर, पोळपाट, देव, भरलेली गाडी, दीपाचं हसणं, सगळं एकेक करून त्याच्या डोक्यात शिरलं. आधीच सांगितलं ना, सावकाश चालायचं त्याचं डोकं.

"पण फळ?" तो म्हणाला. "पहिलं फळ हातावर ठेवल्यावर येणार होतीस."

"तेव्हा तुमच्यावर रागावले होते हो. रागात माणूस काहीही बोलतं. तुम्ही ते चार वर्षं धरून बसलात." "मला त्या घरात एकटीला जेवण जात नाही. टीव्ही लावून जेवते. रविवारी तुम्ही दारात उभे राहता ना, ते मला गाडीच्या आरशात कोपऱ्यापर्यंत दिसतं."

"मग काल का नाही सांगितलंस?"

"काल तुम्ही झाडं झाकत होतात. म्हटलं, आधी त्यांचं होऊ दे."

तो बाहेर गेला. गाडीतून बॅग काढली, साड्याही काढल्या. ओसरीच्या तारेवर त्याने त्या एकेक करून पसरल्या. निळ्या साडीवरच्या पाकळ्या वाळून घट्ट बसल्या होत्या, छापल्यासारख्या. त्या त्याने खरवडल्या नाहीत. मग पंपाचं बटण पुन्हा सुरू केलं आणि आत येऊन वडिलांचा फोटो देवांशेजारी ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला. शुगर लँडहून श्रीरंग.

"अरे, टीव्हीवर दाखवलं, तुमच्याकडे पार बर्फ पडला म्हणे," श्रीरंग म्हणाला. आवाजात खरोखरीची काळजी होती, पण थोडं संक्रांतीचंही होतं. "बागेचं काय झालं, यार? गेलं का सगळं?"

जगन्नाथने स्वयंपाकघरात पाहिलं. वसुधा ताटं घेऊन उभी होती, कपाट भरलं होतं आणि राहिलेली ताटं कुठे ठेवावीत ते तिला कळत नव्हतं.

"श्री, तुझ्याकडे ती मोठी व्हॅन आहे ना अजून?" तो म्हणाला.

"आहे. का रे?"

"पुढच्या शनिवारी घेऊन ये. आमच्या तिकडच्या घरातलं वसुचं लोखंडी कपाट आणायचंय," जगन्नाथ म्हणाला. "इथे जागा कमी पडायला लागलीय."